थरथर

मोटारसायकल थरथरायला लागली की माणूस पहिल्यांदा हँडलकडं बघतो. हाताला मुंग्या तिथं येतात, मग बिघाडही तिथंच असणार, असं धरून चालतो. लोखंडात मात्र हादरा सुरू एकीकडं होतो आणि जाणवतो भलतीकडंच. मागं काहीतरी ढिलं होतं आणि पुढच्या आरशात रस्ता पुसट दिसायला लागतो. तेव्हा थरथर थांबवायची म्हणजे नेमकं काय थांबवायचं? तिचं कारण, की आपल्याला होणारा त्रास? गॅरेजात हा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारत नाही, पण पैसे कशाचे द्यायचे ते त्याच्या उत्तरावरच ठरतं.

माझे धाकटे चुलते, नाना, कडेगावकडच्या वाड्यावस्त्यांवरनं दूध गोळा करून डेअरीला घालायचे. ही १९९४-९५ ची गोष्ट. गाडी राजदूत. मागं वेल्डिंगवाल्याकडनं करून घेतलेलं कॅरिअर आणि दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन. ऐंशी लिटर दूध म्हणजे ब्याऐंशी किलो वजन, वर कॅनचं वेगळं. पहाटे चारला निघायचं, दिवस वर यायच्या आत डेअरीवर पोचायचं. उशीर झाला की दूध नासायची भीती. नानांची गाडी पंचेचाळीसच्या वेगाला थरथरायची. त्याच्या खाली ठीक, वरही बरी. पण भरल्या कॅननिशी त्या रस्त्यानं पंचेचाळीसच्या वर जाणार कोण?

पहिल्या गॅरेजवाल्यानं मऊ ग्रिप बसवून दिल्या. दुसऱ्यानं कोनसेट बदलला. तिसरा म्हणाला, इंजिनाचं बोअर करावं लागंल, आणि खर्च असा सांगितला की नाना चहा न पिताच उठले. ग्रिपनं थोडा आराम पडला, हे खरं. महिनाभर नाना थरथरीचं नावही काढत नव्हते. मला या ग्रिपची आठवण साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत नेहमी होते. एखादा सभासद माईकसाठी ओरडत असतो, त्याला दोघं जण खांद्यावर हात ठेवून बाजूला नेतात, चहा देतात, आणि सभा सुरळीत पार पडते. तरी ग्रिपवाल्याला लबाड म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ज्याला उद्या पहाटे चारला निघायचंय त्याला तुम्ही दोन दिवस गाडी सोडून जा म्हणू शकत नाही. दुखणं कळेपर्यंत लेप लावणं ही दयाच असते. फक्त लेप लागला की दुखणं शोधायची निकड संपते, आणि तिथं दयेचं रूप बदलतं.

शेवटी कराडच्या एका मिस्त्रींकडं गाडी गेली. ते किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात काम शिकलेले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली आणि १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर ही वाडी वसवली. आमच्या सातारा-सांगलीकडच्या किती घरांना तिनं लोखंडाची भाषा शिकवली, याची मोजदाद नाही. मिस्त्रींनी पाना हातात घेतलाच नाही. "नाना, रिकामी न्हाय, भरल्या कॅननं आणा," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाण्यानं भरलेले कॅन लावून गाडी विट्याच्या रस्त्याला काढली. मी मागनं दुसऱ्या गाडीवर. मिस्त्रींनी पंचेचाळीस धरली, थरथर आली, आणि क्लच दाबून गॅस सोडला. गाडी तशीच पळत राहिली, पण थरथर गेली. मग त्याच वेगाला खालचा गिअर टाकून पाहिला, तर थरथरीचा पत्ता नाही. वेग कमी केला, इंजिनाचा आवाज मघासारखा झाला, आणि ती परत आली. त्यांनी गाडी कडेला घेतली. "चाकाचं न्हाय. थरथर चाकाबरबर न्हाय पळत, इंजिनाबरबर पळतीया."

यामागं साधं गणित आहे. पंचेचाळीसच्या वेगाला अठरा इंची रिमचं चाक सेकंदाला सहा-सात फेरे घेतं. रिम आऊट असेल किंवा टायर नीट बसलेला नसेल तर गाडी डुलते, हेलकावते. इंजिन मात्र मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर असेल तर सेकंदाला पन्नास वेळा हिसडा देतं. तो हेलकावा राहत नाही, मुंग्या होतात. म्हणजे त्रास कसला आहे हे नीट सांगता आलं तर निम्मं कारण सापडलेलं असतं. "गाडी व्हायब्रेशन मारतीया" एवढ्यावर भागत नाही. कधी, किती वेगाला, गिअरात की न्यूट्रलला, बसायला की पायाला? मिस्त्रींनी नानांना हे सगळं विचारलं. आधीच्या तिघांपैकी कुणी विचारलं नव्हतं.

गॅरेजात आल्यावर त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली. मग फाउंडेशनचे बोल्ट एकेक तपासले. मागचा बोल्ट घट्टच होता. पण त्याचं भोक गोल राहिलं नव्हतं, लांबोडं झालं होतं. का झालं? कारण वेल्डिंगवाल्यानं कॅरिअरची खालची पट्टी त्याच बोल्टात अडकवली होती. तेवढा एकच बोल्ट सोयीचा होता. ऐंशी लिटरचा भार दर खड्ड्याला त्या भोकावर आपटत होता. ज्या कॅनवर घर चालत होतं, तेच कॅन इंजिन हलवत होते.

मिस्त्रींनी भोकावर पत्रा वेल्ड करून नवीन भोक पाडलं, जाड वॉशर घातलं, आणि कॅरिअरच्या पट्ट्या चेसीला वेगळ्या जोडल्या. वर सांगितलं, "आता एकच कॅन न्यायचा. दोन न्हेलं की सहा महिन्यांत हितंच याल." गाडी चालवून बघितली तर तरीही बारीकशी थरथर होतीच. नानांनी तोंडाकडं बघितलं. "एवढी ऱ्हाणार. ती गाडीची हाय."

हे मला पुढं समजलं. एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन वरखाली जातो, त्याचा धक्का मारायला क्रँकवर उलट बाजूला वजन ठेवतात. पण ते वजन गोल फिरतं. पिस्टनचा सगळा धक्का मोडेल एवढं ते वाढवलं तर वरखालची धडधड जाते आणि तेवढीच पुढं-मागं सुरू होते. म्हणून बनवणारे साधारण निम्म्यावर थांबतात. हादरा पुसला जात नाही, वाटला जातो. पुढं काही गाड्यांत जादा बॅलन्सर शाफ्ट आला आणि त्यानं बरंच काम केलं, पण त्यासाठी आत आणखी एक फिरणारा भाग घालावा लागला.

नानांची बोटं मात्र गाडीसारखी दुरुस्त झाली नाहीत. थंडीत पहाटे ती बधिर व्हायची, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागायचा. सगळा दोष राजदूतच्या माथी मारता येणार नाही. नानांनी आयुष्यभर धारा काढल्या होत्या, त्यानंही हात जातात. पण थरथरणाऱ्या हत्यारानं बोटं पांढरी पडतात, बधिर होतात, हे वैद्यकाला फार आधीपासून माहीत आहे. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या दगड कापणाऱ्या कामगारांची बोटं ॲलिस हॅमिल्टन या डॉक्टरीणबाईंनी १९१८ सालीच तपासली होती. आमच्याकडं दूधवाल्याच्या बोटांकडं बघायला कुणी आलं नाही. "वय झालं" म्हणायचं आणि कापड गुंडाळायचं.

आणि तो दुसरा कॅन? चाळीस लिटर सोडून देणं नानांना परवडणारं नव्हतं. लांबच्या वस्तीवरच्या बायकांना तर त्याहून नाही. त्यांच्या म्हशीच्या दुधाला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. आठ दिवस घरात त्यावर बोलणं झालं, म्हणजे नाना बोलले आणि काकी गप्प राहिल्या. मग माझा चुलतभाऊ, तेव्हा नववीत, पहाटे सायकलवरनं ते दूध सडकेपर्यंत आणून द्यायला लागला. दोन बाजूंना वीस-वीस लिटरचे कॅन, अंधारात कच्ची वाट, आणि नंतर साडेदहाची शाळा. त्याला कुणी विचारलं नाही, आणि त्यानंही कुरकुर केली नाही. नाना गाडीबद्दल समाधानी होते. हात पुष्कळ हलके झालेत, असं आल्यागेल्याला सांगायचे.

सायकलच्या कॅरिअरला कॅन अडकवायचे दोन हूक मिस्त्रींनीच वेल्ड करून दिले. त्याचे त्यांनी पैसे घेतले नाहीत.