अनोळख्यांसाठीं राखलेली भूमि

आजा आंब्याची कोय पुरतो आणि फळें नातवंडें खातात, यांत आपल्याकडे कोणासही नवल वाटत नाहीं. तेथें रक्ताचें नातें आहे, आणि नात्याच्या ओढीस आपण सहसा सद्गुण म्हणत नाहीं. परंतु ज्याच्याशीं आपलें नातें नाहीं, ज्याचा गांव आपणांस ठाऊक नाहीं, आणि जो अद्यापि जन्मासही आला नाहीं, अशा मनुष्याचें आपण कांहीं देणें लागतों काय? हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचा वाटण्याचा संभव आहे. म्हणून तो आम्ही एका अगदीं लहान रकमेवरून विचारणार आहों.

इंग्लंडच्या उत्तर भागांत डर्वेंटवॉटर नांवाचें सरोवर आहे. त्याच्या कांठचें ब्रँडलहाउ हें रान विकत घेऊन सर्वांस मोकळें ठेवावें, म्हणून तेथील नॅशनल ट्रस्ट या संस्थेनें वर्गणी मागितली, आणि १९०२ सालीं तें रान सर्वांसाठीं खुलें झालें. आलेल्या देणग्यांत शेफील्ड येथील कारखान्यांत काम करणाऱ्या एका मुलीची अडीच शिलिंगांची देणगी होती. तिनें कळविलें कीं, तो सरोवरांचा प्रदेश पाहण्याची आपली जन्माची इच्छा होती. ती आतां पुरी होणार नाहीं. तरी इतरांसाठीं तो राखण्यास आपलाही हात लागावा. श्रीमंताच्या देणगींत कीर्तीचा वांटा असतो, भाविकाच्या देणगींत परलोकाचा. या अडीच शिलिंगांत देणारीचा स्वतःचा वांटा कोणता? आम्हांस तरी तो सांपडत नाहीं.

ही संस्था १८९५ सालीं ऑक्टेव्हिया हिल, सर रॉबर्ट हंटर आणि धर्मोपदेशक हार्डविक रॉन्स्ली या तिघांनीं स्थापिली. त्याच वर्षीं वेल्समधील बार्मथ गांवाच्या डोंगरउतारावरची साडेचार एकर जमीन फॅनी टॅलबट या बाईंनीं तिला दिली. तीच तिची पहिली मिळकत. पुढें १९०७ च्या कायद्यानें तिला असा अधिकार मिळाला कीं, एखादी भूमि तिनें अविक्रेय म्हणून जाहीर केली म्हणजे ती खुद्द संस्थेसही विकतां येऊं नये.

येथें विचारी वाचक अडेल. आज जिवंत असलेल्यांनीं पुढील अनेक पिढ्यांचे हात कां बांधावे? मेलेल्याच्या शब्दानें जिवंतांस जखडणें वाईट, असें आपण वतनें आणि इनामें यांच्या बाबतींत म्हटलें. मग येथें तें चांगलें कसें? आपल्या सह्याद्रींतील देवरायांचा दाखला देऊन हा आक्षेप उडवितां येत नाहीं. देवराईंत कुऱ्हाड चालत नाहीं. कित्येक ठिकाणीं वाळलेली काटकीसुद्धां कोणी घरीं नेत नाहीं. पण तेथें बंधन देवाचें आहे, आणि देवाचा धाक ज्यास वाटतो त्याच्यापुरतेंच तें आहे. जेथें धाक सरला तेथें राईही सरली, हें कोंकणांत आणि मावळांत पुष्कळांनीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. कायद्याचा शब्द देवाच्या नांवाहून अधिक टिकाऊ आहे, असें मानण्यास आम्हांस आधार दिसत नाहीं.

आमच्या मतें या आक्षेपाचें उत्तर कागदांत नसून चिखलांत आहे. केंब्रिजजवळ विकन फेन म्हणून एक पाणथळ भूमि आहे. सतराव्या शतकापासून पाणी काढून टाकून त्या प्रांतांतील जवळजवळ सगळी दलदल शेतीखालीं आणली गेली. उरलेल्या थोड्या तुकड्यांपैकीं हा एक. १८९९ सालीं ट्रस्टनें त्यांतील दोन एकर दहा पौंडांस घेतले. जमीन राखणें म्हणजे तिला हात न लावणें, अशी कोणाची समजूत असेल तर ती तेथें खोटी ठरते. शेंकडों वर्षें त्या भागांतील लोक तेथील लव्हाळा कापून घरें शाकारीत. छपरें बदललीं, लव्हाळ्यास गिऱ्हाईक उरलें नाहीं, आणि झुडपें माजूं लागलीं. हॅरी गॉडविन या वनस्पतिशास्त्रज्ञानें १९२७ पासून तेथें वाफे आंखून एक दरवर्षीं, एक दोन वर्षांनीं, एक तीन आणि एक चार वर्षांनीं कापविला, आणि एकास विळा लावलाच नाहीं. त्या शेवटल्या वाफ्यांत झुडपांची जाळी झाली. ज्या रूपासाठीं ती भूमि घेतली, तें रूपच माणसाच्या विळ्यानें टिकलेलें होतें!

तें काम आतां यंत्रें, ट्रस्टचे नोकर आणि स्वयंसेवक मिळून करतात. याविषयीं एक शंका आमच्या मनांत बरेच दिवस आहे. ज्या कामावर काल एका कुटुंबाची चूल पेटत होती, तेंच आज दुसऱ्या कुटुंबांतील माणसें सुटीच्या दिवशीं हौसेनें करतात. यांत पुण्य किती आणि करमणूक किती? करमणूक नाहींच, असें म्हणणें ढोंग होईल. चार तास घाम गाळल्यावर भाकरी गोड लागते, आणि सोमवारीं कचेरींत सांगावयास गोष्ट मिळते. परंतु हेतु मिश्र असला म्हणून कापलेलें झुडूप पुन्हां उभें राहत नाहीं. श्रमदान ही जेथें मजुराची मजुरी बुडविण्याची युक्ति होते तेथें आम्ही त्याचे वैरी आहों. येथें मात्र मजुरी देणारा धंदाच उठून गेला होता.

आणि मूळ आक्षेपाचा निकाल या श्रमांतच लागतो. ‘सदैव’ हा शब्द लिहिणाऱ्यानें पुढील पिढीचे हात बांधले असें दिसतें खरें. पण त्या पिढीनें विळा हातीं घेतलाच नाहीं, तर थोड्याच वर्षांत तो शब्द झुडपांखालीं बुजून जाईल. तिला नाहीं म्हणण्याची मोकळीक आहे. दलदल सुकवून नांगरणाऱ्यांनीं मात्र आपल्या नातवंडांस ती मोकळीक ठेविली नाहीं.

१९९९ पासून ट्रस्टनें विकनभोंवतालचीं शेतें मिळवून तीं पुन्हां पाणथळ करण्याचा शंभर वर्षांचा संकल्प चालविला आहे. पिकतें शेत बुडविणें हा अन्नाचा अपमान होय, असें म्हणणारे शेजारी तेथें आहेत. आणि दुष्काळ पाहिलेल्या देशांतील आम्हांस त्यांचें म्हणणें हसण्यावारी नेतां येत नाहीं. तरी त्याच दलदली प्रांतांतील होम फेन येथला लोखंडी खांब त्यांनीं एकदां पाहून यावा. जवळचें व्हिटलसी सरोवर १८५१ सालीं आटविलें, तेव्हां तो खांब माथा जमिनीच्या पातळीशीं येईल असा पुरला होता. पाणी गेलें, कुजलेल्या वनस्पतींची ती काळी माती आकसली, आणि हवा लागून वर्षानुवर्षें झिजत गेली. आज त्या खांबाचा माथा जमिनीपासून सुमारें तेरा फूट उंच आहे.