पोट्टे घेऊन येऊ नकोस

इतवारी, नागपूर

चि. बाळू,

चार पोट्टे घेऊन येतो आणि वाड्यात राहणाऱ्या राखणदाराचं सामान रस्त्यावर काढतो, असं तू फोनवर म्हणालास. मला रात्रभर झोप नाही. सराफा ओळीतला तो वाडा तुझ्या आजोबांचा, हे सगळ्या ओळीला ठाऊक आहे. पण तू त्याला जबरीने काढलंस, तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत तो दावा लावेल. त्या दाव्यात मालक कोण हे बघत नाहीत. ताबा कोणाचा होता आणि कसा गेला एवढंच बघतात. निकालावर अपीलही नाही.

खरं तर बाजू तुझीच भक्कम आहे. तुझ्या बाबांनी त्याला राखणीला ठेवलं होतं. २०१२ साली गोव्यातल्या मारिया मार्गारिदा सिक्वेरा फर्नांडिस यांच्या घराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राखणदार किंवा नोकर कितीही वर्षं राहिला तरी घरात त्याचा हक्क तयार होत नाही. बारा वर्षं ताबा आहे म्हणून घर माझं, असा तो धाक घालतो ना? परवानगीने राहिलेली वर्षं त्यात धरत नाहीत. ‘घर माझंच’ असं तो उघड म्हणाला ते या दिवाळीत. ती तारीख लिहून ठेव, समोर कोण होतं तेही. त्या दिवसापासून बारा वर्षं गप्प बसलास, तर मात्र मालकीच जाते.

एक खरं सांग. बाबा त्याच्याकडून महिन्याला पैसे घेत होते का? एखादी पावती दिली होती? तसं असेल तर तो स्वतःला भाडेकरू म्हणवेल आणि प्रकरण १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात जाईल. त्याआधी आपल्याकडे १९४९ चा सी.पी. अँड बेरारचा आदेश होता. घर सोडण्याची नोटीस द्यायलाही रेंट कंट्रोलरची परवानगी लागे. माझ्या वडिलांनी त्या कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. भाडेकरूचं प्रकरण कसं असतं ते मी पाहिलंय, म्हणून विचारतो. पावती असेल तर वकिलापासून लपवू नकोस, ती त्याच्या पेटीतून निघेलच.

नगर भूमापन कार्यालयातून वाड्याची आखीव पत्रिका काढ. घरटॅक्सच्या जुन्या पावत्या माझ्याकडे आहेत. त्याला दिलेली राहण्याची परवानगी काढून घेतल्याची नोटीस वकिलामार्फत पाठव, मग ताब्याचा दावा लाव. तोवर त्याची लाईट, पाणी तोडू नकोस. घरात लहान मुलं आहेत.

येताना एकटाच ये. स्टेशनवर मी येतो.

तुझा मामा