खालची ओळ



गेल्या दत्तजयंतीच्या आदल्या रात्री आमच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक चित्र आलं. काळ्या आकाशात केशरी तेजाचा ॐ, आणि खाली ओळ: ‘अवकाश दुर्बिणीने टिपलेले दृश्य’. अंगावर काटा आला. हात जोडून मी ते लगेच पंचवीस-तीस जणांना धाडलं. लोणंदच्या बाजारात कांदा घेताना मी दाबून, वास घेऊन, पिशवी ओतून बघतो. इथे दोन सेकंदही थांबलो नाही.

सकाळी पुण्याहून आलेल्या नातवानं विचारलं, “आजोबा, कुठल्या दुर्बिणीनं टिपलं हे?” मला सांगता येईना. त्यानं चित्र मोठं करून दाखवलं. कोपऱ्यात चित्र काढणाऱ्याचं नाव होतं! मी जरा चिडलोच. देवाचंच आहे ना, कुणाचं काय बिघडलं?

मग त्यानं आपल्या देशाच्या अ‍ॅस्ट्रोसॅटची हकिकत सांगितली. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेला हा उपग्रह सुमारे ६५० किलोमीटर उंचीवरून फिरतो. त्याच्यावर अतिनील प्रकाश टिपणारी दुर्बीण आहे. हा प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही, आणि बराचसा वातावरणातच अडतो, म्हणून कॅमेराच वर न्यावा लागतो. तो कॅमेरा प्रकाशाचा एकेक कण मोजतो, जपमाळेचे मणी ओढावेत तसा. २०१६ साली त्यानं आकाशाचा एक लहानसा तुकडा २८ तासांहून अधिक न्याहाळला. पुण्याच्या आयुका संस्थेतले कनक साहा आणि त्यांचे सहकारी यांना त्यात एका दूरच्या दीर्घिकेचा अंधुक ठिपका सापडला. तो प्रकाश ९३० कोटी वर्षांपूर्वी निघालेला. तेव्हा आपली पृथ्वी घडलीसुद्धा नव्हती.

एवढं हाती लागल्यावर माणूस काय करील? मी तर गावभर सांगितलं असतं. ही मंडळी जवळजवळ दोन वर्षं तपासत बसली, की हा प्रकाश खरंच त्या दीर्घिकेचा आहे ना. जगाला सांगितलं ते २०२० मध्ये.

कुणी म्हणेल, दुर्बिणींची चित्रंही रंगवलेलीच असतात. खरं आहे. कॅमेऱ्याकडून येतात ते आकडे. न दिसणाऱ्या प्रकाशाला रंग माणसं नंतर देतात. पण मारुतीला शेंदूर लावताना हा दगडाचाच रंग, असं आपण कुणाला सांगतो का? चित्राला रंग दिला आणि दिला म्हणून सांगितलं, तर त्यात खोटं काही नाही. मी पाठवलेला ॐ-ही खोटा नव्हता. खोटी होती खालची ओळ. आणि ती हात जोडून पुढे धाडताना मी महाराजांनाच साक्षीला उभं केलं होतं. तिथे मन खात राहिलं.

अवधूतांच्या चोवीस गुरूंत एक बाण करणारा आहे. राजाची स्वारी वाजतगाजत शेजारून गेली, त्याला पत्ता नाही. इतकी वर्षं मी ही गोष्ट एकाग्रतेची म्हणून सांगत आलो. तो नेमकं कशात गुंतला होता, हे कधी मनात आलं नाही. बाण सरळ होतोय की नाही, एवढंच तो बघत होता.

दुपारी ग्रुपवर लिहिलं: ‘कालचे चित्र दुर्बिणीचे नाही. मी न पाहता पाठवले, माझी चूक.’ बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग एकानं लिहिलं, ‘श्रद्धेत चिकित्सा कशाला?’

संध्याकाळी पाळणा झाला. सुंठवडा घेताना मंडळातले एक वयस्कर गृहस्थ जवळ आले. हळूच म्हणाले, “अण्णा, मी सकाळीच त्याची प्रिंट काढून देवघरात लावली हो. आता काढू का?”

“असू द्या,” मी म्हटलं, “खालची ओळ तेवढी कापा.”