फांदीपुरती करवत

उंब्रजात गॅस येऊन बरीच वर्षं झाली. उज्ज्वला योजना 2016 ची. तिच्या कितीतरी आधीपासून गावठाणात सिलेंडर होतेच. चहा, भाजी, पाहुण्यांचे पोहे सगळं गॅसवर. तरी पहाटे गल्लीतून गेलं की धुराचा वास येतो, तो बंबांचा. आंघोळीचं पाणी गॅसवर तापवणं आमच्याकडे अजूनही उधळेपणात मोडतं. काहींच्या गच्चीवर सोलर आहे, पण आषाढ-श्रावणात सूर्यच दिसत नाही तिथं त्यानं तरी काय करावं? त्यामुळे परसात बंब आणि बंबाशेजारी जळणाची रास, ही जोडी अजून टिकून आहे.

बंबाची एक अट असते. त्याला लाकूड आखूड लागतं. चुलीत हातभर लांब फाटा चालतो. जळेल तसा आत सारायचा. बंबाच्या मधल्या नळीत वरून टाकायचं ते वीतभर, फार तर त्याहून चार बोटं जास्त. आणि कुऱ्हाडीला नेमकं हेच नीट जमत नाही. ती फांदी छाटते, ओंडका फोडते. पण मनगटाएवढ्या बाभळीचे वीत-वीत तुकडे पाडायला घेतले की घावागणिक तुकडा उडतो, कधी नडगीवर येतो. म्हणून घरोघरच्या राशीत कुणाकडून तरी फोडून घेतलेल्या ढलप्या आधी संपायच्या आणि लांब, वाकडी फाटी मागं उरायची. ती दोन-दोन पावसाळे तशीच पडून शेवटी वाळवीच्या वाट्याला जायची. शेतात फांद्या होत्या, परसात बंब होता. मधलं काम करायला माणूस मिळत नव्हता. मिळाला तर दिवसाची मजुरी जळणाच्या किमतीपेक्षा जास्त व्हायची.

बॅटरीवरची करवत घुसली ती या मधल्या जागेत. सहा-आठ इंचांची पट्टी, तिच्यावरून फिरणारी साखळी, मुठीखाली बॅटरी, वजन दीड-दोन किलो. कराडच्या दुकानात मिळते, घरपोचही येते. खोक्यावरच्या आकड्यांनी मात्र भुलू नये. लिथियमच्या एका सेलचा दाब साधारण 3.6 व्होल्ट, पूर्ण भरल्यावर 4.2. असे पाच सेल ओळीनं जोडले की एक कंपनी 18 व्होल्ट छापते, दुसरी 21. वस्तू तीच. काही खोक्यांवर तर 48 आणि 88 असले आकडे असतात. त्यांचा व्होल्टशी संबंध लावायच्या भानगडीत पडू नये.

मला या यंत्रात खरा रस वाटला तो एका हिशेबामुळे. पाच सेलची, चार अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे 72 वॅट-तास, विजेच्या एका युनिटचा चौदावा भाग. ती भरायला रुपयाही पडत नाही. ही सगळी वीज एक बादली पाण्यात ओतली, तर वीस लिटर पाणी जेमतेम तीन अंशांनी तापेल. हात घातला तर फरक कळायचा नाही. तीच वीज साखळीत घातली आणि फांद्या मनगटाएवढ्या असल्या, तर आमच्या बंबाचं काही दिवसांचं जळण तयार होतं. एक किलो वाळक्या लाकडात चार युनिटांच्या आसपास उष्णता असते. म्हणजे भरलेल्या बॅटरीतली ताकद ही दीड तोळा लाकडातल्या उष्णतेएवढी. दीड तोळ्याच्या बदल्यात कित्येक किलो लाकूड वापरात येतं. शेजारच्या पाटण तालुक्यात कोयनेचा 1960 मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प आहे, आणि आम्ही उंब्रजकर विजेवर लाकूड कापून त्या लाकडावर पाणी तापवतो, याला कुणी हसेल. पण धार म्हणून वापरलेली वीज आणि आच म्हणून वापरलेली वीज यांत एवढं अंतर असेल, तर हसणाऱ्यानं आधी हा हिशेब करून बघावा.

साखळीचीही एक हकिकत आहे. पूर्वीच्या यांत्रिक साखळ्यांचे दात हातकरवतीसारखे, लाकूड ओरबाडणारे. त्यांना धार लावण्यातच बराच वेळ जायचा. 1946 साली अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्यानं एका बुंध्यात भुंगेऱ्याची अळी लाकूड खाताना पाहिली. ती दोन जबड्यांनी आलटून पालटून डावीकडे-उजवीकडे कुरतडत सरळ पुढं जात होती, मग लाकडाचे रेषे आडवे असोत की उभे. त्यावरून त्यानं डाव्या-उजव्या वाकड्या दातांची साखळी बनवली. आजच्या बहुतेक साखळ्या त्याच घराण्यातल्या. आपल्याकडे आंब्याचं खोड पोखरणारी अळी त्याच लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या कुळातली. आमच्या कितीतरी आंब्यांच्या बुडाशी तिनं काढलेला भुसा आम्ही पिढ्यान् पिढ्या पाहतोय, भोकात रॉकेलचा बोळा कोंबतोय. तिच्याकडून काही शिकावं असं कुणाच्या मनात आलं नाही, ते सोडा.

चालवायला सोपी म्हणतात. तशी आहेही, पण तिच्या खोडी ठाऊक पाहिजेत. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की यंत्र उसळून अंगावर येतं. हलकं आहे म्हणून लोक एका हातानं धरतात आणि दुसऱ्यानं फांदी. यातच बोटं जातात. दोन्ही टोकांना टेकलेला ओंडका वरून कापत गेलं की फट मिटते आणि पट्टी आत अडकते. तो खालून कापावा. झाडावरची लोंबती फांदी आधी खालून थोडी कापून मग वरून तोडावी, नाहीतर पडताना ती बुंध्याची साल सोलत नेते आणि ती जखम झाड वर्षानुवर्षं वागवतं. साखळीत धार आहे की नाही हे खाली काय पडतं त्यावरून ओळखायचं. टवके पडत असतील तर ठीक. पिठासारखा भुगा पडायला लागला की थांबून गोल कानस घ्यावी. बहुतेक जण थांबत नाहीत, वरून जोर लावतात. मग मोटर तापते, बॅटरी तापते, एप्रिलच्या उन्हात तर यंत्र आपणहून बंदच होतं. तेलाच्या जागी गाडीचं जळकं ऑइल घालायची पद्धत सगळीकडे आहे. मी गोडंतेल घालतो. बंबाच्या धुरात निदान तेवढी तरी घाण कमी.

एक गोष्ट मला अपेक्षित नव्हती. आमच्याकडे सरपण गोळा करणं बायकांचं आणि फोडणं पुरुषांचं, अशी वाटणी. मोळी डोक्यावर आणायची तिनं, आणि ती फोडायला मुहूर्त कधी लागेल ते त्याच्या मर्जीवर. आता आमच्या वहिनी पदर खोचून, पायांत मुलाचे जुने बूट घालून घोडीवर फांदी ठेवतात आणि अर्ध्या तासात आठवड्याचं जळण पाडून मोकळ्या होतात. "भावजी, साखळी ढिली पडलीया, तेवढी बघा," एवढ्यापुरतीच माझी गरज उरली आहे. पुढं तेही त्यांना येईल. गंमत म्हणजे फोडणं अजून कुऱ्हाडीकडेच आहे. करवत आडवं कापते. रेषांच्या अंगानं उभं फाडायला कुऱ्हाड, नाहीतर पाचर नि घणच लागतो. गाठीची बाभूळ असेल तर त्यांनाही घाम फुटतो.

पेट्रोलवरचा कटर ही वेगळी जात. तो घरचा नसतो, व्यापाऱ्याचा असतो. व्यापारी बांधावर येतो, बुंध्याला मिठी मारून अंदाज घेतो, उभ्या झाडाचा सौदा करतो. दुसऱ्या दिवशी कटर येतो, शिवारभर आवाज घुमतो, दुपारपर्यंत ट्रॅक्टर भरून जातो. कधी वीटभट्टीवर, कधी सॉ मिलला. महामार्ग चौपदरी झाला तेव्हा रस्त्याकडेची जुनी झाडं गेली. बांधांवरची मात्र कुणी मागितली नव्हती, ती आम्ही होऊन दिली, कारण सावलीखाली ऊस पोसत नाही. कायद्यानं काही झाडं राखली आहेत. 1964 च्या महाराष्ट्र झाडे तोडण्याच्या कायद्यात आंबा, चिंच, जांभूळ, फणस, हिरडा, साग अशी नावं आहेत. आपल्याच रानातली असली तरी ती तोडायला परवानगी लागते. बाभूळ त्या यादीत नाही. सुबाभूळही नाही.

बॅटरीच्या करवतीला व्यापाऱ्याची ही भूक परवडतच नाही. फांदीची जाडी दुप्पट झाली की कापायचं लाकूड चौपट होतं. मांडीएवढ्या बुंध्यांना भिडली की बॅटरी लवकर बसते. म्हणून ती आपोआप फांदीपुरती राहते. आणि फांदीपुरतं जळण देणारी झाडं आपल्याकडे आहेतच. सुबाभूळ मणिभाई देसाईंच्या बाएफ या संस्थेनं सत्तरच्या दशकापासून चाऱ्या-जळणासाठी गावोगाव पोचवली. तिच्यावर पुढं पुष्कळ टीका झाली, बी पसरतं, रान व्यापतं, आणि ती टीका खोटी नाही. पण छातीएवढ्या उंचीवर छाटली की ती पुन्हा जोमानं फुटते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बंबाला नेमक्या हव्या त्या जाडीची फाटी देते. गिरिपुष्पाचंही तेच. कुऱ्हाडीनं ही छाटणी केली की खुंट फाटतो, फुटव्याला त्रास होतो. करवतीचा काप साफ बसतो. फाल्गुनात छाटावं, वीतभर तुकडे करावेत, चैत्र-वैशाखाचं ऊन खाऊ द्यावं आणि मृग लागायच्या आत पत्र्याखाली घ्यावं. ओल्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचं असतं आणि आचेचा काही भाग ते पाणी उडवण्यातच जातो. आखूड तुकडा दोन्ही टोकांनी वाळतो, म्हणून लवकर वाळतो.

जळणाचा विषय निघाला की गावात आणखी एका ठिकाणाचा विचार करावा लागतो. कृष्णाकाठच्या स्मशानात पावसाळ्यात लाकडाची नड पडते. माणूस रात्री गेलं तर सकाळी पोरं कुऱ्हाडी घेऊन निघतात, कुणी शेणी आणतं, कुणी वासे काढून देतं. अशा वेळी घराघरात जे वाळलेलं आहे तेच सरणावर येतं. मागच्या आषाढात भावकीतल्या एका म्हातारीला नेलं तेव्हा लांब वासे जागेवरच बेतायला लागले आणि कुणीतरी बॅटरीची करवत आणली होती. पेट्रोलचा कटर तिथं कुणी सुरू केला असता तर सगळ्यांनी मान वळवून बघितलं असतं. हिचं कुणाला काही वाटलं नाही. मापात वासे झाले, बोलणारे हळू आवाजात बोलत राहिले, काम झालं.

पण हा कमी आवाज मला पूर्ण चांगला वाटत नाही, हेही सांगायला हवं. शिवारात पेट्रोलचा कटर वाजला की अर्धं गाव विचारायचं, "कुणाचं झाड चाललंय?" बांध सामाईक असेल तर चुलतभाऊ धावत जायचा, कधी भांडण व्हायचं, कधी झाड वाचायचं. चाळीस व्होल्टच्या, सोळा इंची पट्टीच्या बॅटरी-करवती आता बाजारात आहेत आणि बॅटऱ्या खिशात दोन-दोन नेता येतात. फांदीपुरतं राहणं हा आजच्या छोट्या बॅटरीचा गुण आहे, माणसाचा नाही. तो किती वर्षं टिकेल, बॅटरी बनवणारे ठरवतील.

आमच्याच बांधावर एक जुनी बाभूळ आहे, आम्हा दोन भावांच्या वाटणीच्या मधोमध. व्यापारी दोनदा येऊन गेला. थोरल्यांचं म्हणणं, तिच्या सावलीत चार सऱ्या ऊस पिवळा पडतो; आणि ते खरं आहे, मी सऱ्या चालून बघितल्या आहेत. माझं म्हणणं, वरच्या फांद्या दरवर्षी उतरवल्या तर सरीला ऊन मिळतं आणि दोन्ही घरांच्या बंबांना जळणही. त्यावर ते म्हणाले, "वर चढणार कोण, तू का?" करवत हलकी आहे, पण बाभळीवर काट्यातून चढायला माणूस लागतो, आणि तसा चढणारा आमच्या आळीत आता कुणी राहिलेला नाही. लांब दांड्याला लावायची करवत मिळते असं ऐकून कराडला चौकशी केली. आहे, पण महाग. यंदाचा ऊस तुटून गेला की बघू, एवढ्यावर सध्या बोलणं थांबलंय.