वाचलेले कष्ट कुणाचे?

आमच्या दूध संघात पिशव्या भरून क्रेटात लावायचं काम आता यंत्रच करतं. पाश्चरायझेशनला दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापावं लागतं. ताप कमी पडला की झडप आपसूक फिरते अन् दूध पुन्हा तापायला मागं जातं. तिला ओळख कळत नाही, डुलकी लागत नाही. लेकराबाळांच्या पोटात जाणारं दूध असं पारखून जात असेल तर यंत्राला नावं ठेवणारा मी नव्हे.

पण क्रेट भरणारी दहा-बारा पोरं घरी बसली. त्यांची मजुरी वाचली, ती दरफरकातनं आम्हा सभासदांच्या खात्यावर आली. संघ सहकारी, म्हणजे मालक आम्हीच. तेव्हा ‘यंत्रानं पोट मारलं’ असं म्हणून आम्हाला मोकळं होता येत नाही. ट्रॅक्टर आला तेव्हा सालगड्याचंही असंच झालं होतं. कष्ट एकाचे वाचले, पैका दुसऱ्याला मिळाला.

माझं म्हणणं एवढंच, की दरफरकातला थोडा वाटा त्या पोरांना दुसरं काम शिकवायला काढावा. झडपेनं दूध पारखावं. माणसाचं काय करायचं, ते सर्वसाधारण सभेत हात वर करणाऱ्यांनी ठरवावं.