घोडा, स्वार आणि स्थावर

गेल्या श्रावणात करजगी परिसरातील एका गावची चारपाच तरुण मंडळी वर्गणीचे पुस्तक घेऊन घरी आली. गावच्या वेशीसमोर म. बसवेश्वरांचा अश्वारूढ पुतळा उभारावयाचा होता. तो शेजारच्या गावातील पुतळ्याहून दोन फूट तरी उंच हवा, असा त्यांचा आग्रह. त्यांतील एकाने विचारले, "गुरुजी, घोड्याचा पाय उचललेला दाखवावा की टेकलेला?" पाय उचललेला असला म्हणजे स्वार रणात पडला, असे त्याने कोठेतरी ऐकले होते.

ही समजूत पुष्कळांची आहे, पण ती खरी नाही. रशियातील सेंट पीटर्सबर्ग शहरी पीटर बादशहाचा पुतळा आहे. तो 1782 साली उभा राहिला. त्याचा घोडा पुढचे दोन्ही पाय उचलून उभा आहे, आणि पीटर तर आजाराने अंथरुणावर वारला. दोन पायांवर एवढे ओतकाम उभे राहणे कठीण, म्हणून शिल्पकार फाल्कोने याने घोड्याच्या खुरांखाली एक साप दाखविला आणि घोड्याची शेपटी त्याला टेकविली. साप म्हणजे बादशहाचे शत्रू. ज्याला तुडविले त्याच्याच आधाराने घोडा तोलला गेला आहे! सत्तेचे इतके प्रामाणिक चित्र शिल्पकाराला बहुधा काढावयाचे नसावे.

रोमचा मार्कस ऑरेलियस हा तत्त्वचिंतक सम्राट. त्याचा इ. स. दुसऱ्या शतकातील काशाचा अश्वारूढ पुतळा आजही आहे. इतर सम्राटांचे तसले पुतळे लोकांनी वितळविले. हा वाचला, कारण पुढच्या पिढ्यांनी त्याला ख्रिस्ती सम्राट कॉन्स्टंटाइन समजून जपले. म्हणजे ज्याचा पुतळा त्याच्यामुळे तो टिकला नाही, दुसऱ्याच्या नावावर टिकला. मंगोलियात 2008 साली चंगेझखानाचा 40 मीटर उंच पोलादी पुतळा झाला. त्यात लिफ्टने वर जाऊन लोक घोड्याच्या डोक्यावर उभे राहतात आणि चौफेर माळ पाहतात.

पण इतक्या दूर कशाला? मुंबईचा काळा घोडा आपणां सर्वांस ठाऊक आहे. इंग्लंडचा राजपुत्र, जो पुढे सातवा एडवर्ड झाला, त्याचा हा पुतळा ससून शेठजींनी शहराला दिला. 1879 साली तो बसला. लोकांनी राजपुत्राचे नाव काही उचलले नाही, घोड्याचे उचलले. 1965 साली पुतळा हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत ठेवला, तरी जागेचे नाव काळा घोडाच राहिले. 2017 साली तेथे नवा घोडा उभा केला, तो स्वाराविना. (याच राजाच्या नातवाने 1921 साली पुण्यात शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याची कोनशिला बसविली होती. तो पुतळा करमरकरांनी घडविला आणि 1928 साली उघडला गेला. आजोबांचा घोडा राणीच्या बागेत गेला, छत्रपतींचा पुण्यात अजून उभा आहे.)

आता आपला प्रश्न. बसवण्णा बिज्जळाच्या दरबारी मंत्री होते, तेव्हा घोडा त्यांना परका नसणार. त्यांना घोड्यावर दाखविणे असत्य म्हणता येत नाही. बेंगळुरूच्या चौकातही ते घोड्यावरच आहेत. अडचण निराळी आहे. स्थावर आणि जंगम यांतला भेद ज्यांनी आपल्याला शिकविला, देहालाच देऊळ मानावयास सांगितले, त्यांनाच आपण चौथऱ्यावर स्थावर करतो. त्यातही घोडा म्हणजे चालणारी वस्तू, आणि आपण तो न चालणारा करतो. शिवाय अनुभवमंटपात नावाडी चौडय्या होते, धोबी माचय्या होते. त्यांना कोणी घोडा देत नाही. मोठेपण घोड्याने मोजावयाचे ठरले तर वल्हे आणि धोपटणे हातात असलेल्या शरणांचे मोजमाप कशाने करावयाचे?

एवढे बोलून मी गप्प बसलो, तेव्हा आतापर्यंत न बोललेला एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, आमच्या आज्याला लग्नात घोड्यावर बसू दिलं नव्हतं. बसवण्णा घोड्यावर असले म्हणजे मला बरं वाटतं."

या उत्तराची मी अपेक्षा केली नव्हती. खरोखर, देशाच्या काही भागांत आजही दलित नवरदेव घोड्यावर बसला म्हणून वरात अडविली जाते. हरळय्यांच्या मुलाचा आणि मधुवरसांच्या मुलीचा विवाह कल्याणात कोणाला खपला नव्हता, तेव्हाची गाठ अजून सुटलेली नाही. ज्यांना घोडा नाकारला गेला, त्यांना त्याच्यात अहंकार दिसत नाही, मान दिसतो. मी पुस्तकी स्थावर-जंगम सांगत होतो, आणि तो आपल्या आज्याचे सांगत होता. माझा मुद्दा चुकीचा होता असे अजूनही वाटत नाही. पण तो त्या मुलासमोर मांडण्याचा अधिकार मला कितपत होता, याबद्दल मात्र शंका वाटते.

मंडळींत थोडी कुजबुज झाली. मग मी वर्गणी दिली आणि एकच विनंती केली: घोडा असू द्या, पण चौथरा तीन फुटांहून उंच करू नका. शाळेतून येणाऱ्या पोराला हात वर करून बसवण्णांच्या पायाला लावता आला पाहिजे. स्वतःला सर्वांहून धाकटा म्हणविणाऱ्याचा पाय हाताला लागू नये, हे मला पटत नाही.

पण उंचीची चढाओढ तर चौथऱ्यातूनच साधावयाची होती. मंडळींनी विचार करून कळवितो म्हटले. अजून कळविलेले नाही.