पाय कोणी धुवायचे?

'सेवा' हा शब्द आपण मराठीत फार सढळ हाताने वापरतो. देवाची सेवा, देशाची सेवा, आईबापांची सेवा. आणि पस्तीस वर्षे कचेरीत खर्डेघाशी करून घरी बसलेले गृहस्थही 'सेवानिवृत्त'च म्हणवले जातात. त्या पस्तीस वर्षांत त्यांच्या खिडकीपुढे ताटकळलेल्या माणसांना विचारले असते, तर त्यांनी कदाचित निराळा शब्द सुचवला असता. तरीही भाषेने येथे नकळत एक खरी गोष्ट सांगून ठेवली आहे असे मला वाटते. रोजची नोकरी हीच सेवा व्हायची होती. ती तशी राहिली नाही, म्हणून सेवेसाठी आठवड्याचा एखादा तास वेगळा काढण्याची वेळ आली.

अंधेरी-मरोळकडच्या माणसाला या प्रश्नाचा विचार शेजारच्या ख्रिस्ती घरांवरून सुचतो. ही वस्ती काही कालपरवाची नव्हे. कोंदिविट्याचे जुने चर्च, जे आज सीप्झच्या आवारात पडक्या स्थितीत उभे आहे, ते १५७९ सालचे. या ईस्ट इंडियन मंडळींची घरातली बोली मराठी, आणि त्यांच्या धर्मग्रंथात सेवेविषयी एक मोठा अवघड प्रसंग आहे.

योहानाच्या शुभवर्तमानातली ही कथा. शेवटच्या भोजनाला येशू आणि त्याचे शिष्य बसले आहेत. त्या देशात वाटा धुळीच्या आणि पायांत नुसत्या वहाणा. आल्यागेल्याचे पाय धुणे हे घरातल्या सर्वांत हलक्या नोकराचे काम. त्या रात्री नोकर नव्हता. पाणी होते, घंगाळ होते, पंचा होता. कथेत स्पष्ट लिहिलेले नाही, पण प्रत्येकाने एकदा त्या घंगाळाकडे आणि एकदा शेजाऱ्याकडे पाहिले असेल, हे सांगायला भाष्यकार कशाला हवा? कोणी उठले नाही. तेव्हा पंगतीत ज्याचा मान पहिला, तोच उठला, कमरेला पंचा गुंडाळला आणि एकेकाचे पाय धुऊ लागला.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी हा प्रसंग चर्चमध्ये विधी म्हणून होतो. धर्मगुरू निवडक भाविकांचे पाय धुतात. हे मान पूर्वी नियमाने पुरुषांचेच असत. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी स्त्रियांनाही त्यात घेण्याची मुभा दिली. विधी सुंदर आहे. मात्र त्या दिवशी पुढे केलेले पाय बहुधा घरून स्वच्छ धुऊनच आणलेले असतात! यात थट्टेचा हेतू नाही. सगळ्याच धर्मांत विधीचे असेच होते. मळलेले पाय चर्चच्या बाहेरच राहतात.

ते शोधत जाणारीही माणसे याच उपनगरात झाली. महाकाली गुंफांच्या रस्त्यावरचे होली स्पिरिट हॉस्पिटल १९६७ पासून चालवणाऱ्या धर्मभगिनींच्या संघाच्या नावातच 'सेविका' हा शब्द आहे. रेल्वे फलाटांवर निजणाऱ्या मुलांना घर मिळावे म्हणून १९६२ साली येशूसंघीयांनी 'स्नेहसदन' उभे केले. अंधेरीच्या सेंट कॅथरीन्स होममधल्या अनाथ मुलांची हकीकत जर्मनीत बॉन शहरातल्या रोझी गोलमान या शिक्षिकेपर्यंत पोचली, आणि तिने १९६७ साली जी संस्था काढली तिचे नावच 'अंधेरी-हिल्फे', म्हणजे अंधेरी-मदत. पुढे या संस्थेने बांगलादेशात असंख्य आंधळ्यांच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया करवल्या. आपल्या लोकलच्या फलाटावरचे नाव इतक्या दूर अशा कामाला लागले, याचे मला नेहमी नवल वाटते.

पण संस्था उभी राहिली की शेजाऱ्यांना हायसे वाटते. सेवा सिस्टर करतात. आपण पेटीत नोट टाकावी. ल्यूथरने सोळाव्या शतकात याच समजुतीवर घाव घातला होता. मठातल्या संन्याशाइतकाच मोची आणि गवळणही आपापल्या कामातून शेजाऱ्याची सेवा करतात, असे त्याचे म्हणणे. अरणच्या सावता माळ्याचा वारसा असलेल्या आपल्याला हे नवे नाही. एक फरक मात्र आहे. सावता मळ्यात विठ्ठल पाहतो. ल्यूथर विचारतो, मळ्यातली भाजी कोणाच्या ताटात गेली? बँकेच्या खिडकीत पेन्शनच्या कागदावर आजीबाईंचा अंगठा नीट उठत नाही, मागे रांग खोळंबली आहे, अशा वेळी कारकून काय करतो हे विचारणे मला जास्त अवघड वाटते. तिथे टाळ्या नसतात.

येथे एक धोका आहे, आणि तो लहान नाही. सेवेचा उपदेश आजवर बहुधा ज्यांना सेवेवाचून गत्यंतरच नव्हते त्यांनाच झाला. शूद्राने वरच्या वर्णांची सेवा करावी हे शास्त्रांनी सांगितले, आणि स्त्रीला तर सांगावेही लागले नाही. वरून लादलेली सेवा ही वेठच. त्या भोजनाच्या कथेत दिशा उलटी आहे. ज्याला उठायची सक्ती नव्हती, तो उठतो. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हाही घरधनीच उठला होता.

ख्रिस्ती सेवेवरचा जुना आक्षेप, की ती माणूस आपल्यात ओढण्यासाठी असते, झटकून टाकण्याजोगा नाही. पंडिता रमाबाईंना शारदासदनच्या काळात तो सोसावा लागला. आणि १८९६-९७ च्या दुष्काळात उपासाने मरणाऱ्या मुलींना केडगावी आणून जगवणाऱ्याही त्याच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, एकीने दुसरी खोडली जात नाही. कसोटी मला त्या कथेतच सापडते. धुतलेल्या पायांत यहूदाचे पायही होते, आणि धुणाऱ्याला ठाऊक होते की थोड्याच वेळात हे पाय कोठे जाणार आहेत.

उरला पेत्र. तो पाय मागे घेतो. गुरूने आपले पाय धुवावेत हे त्याला सोसवत नाही. येशू सांगतो, हे नाकारलेस तर तुझा माझा संबंध उरणार नाही. सेवा करणे पुष्कळांना जमते. करून घेणे त्याहून कठीण, कारण तिथे आपण खालच्या बाजूला येतो.

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला हा पेत्र घरोघर भेटतो. सर्वांना तेल चोळणारी, उटणे लावणारी, फराळासाठी मध्यरात्रीपर्यंत जागलेली आई न्हाते शेवटी. बंब गेले, गीझर आले, क्रम तोच. तिला म्हणावे, आज तू पाटावर बस, आम्ही तुझ्या पायांना तेल लावतो, तर ती हसते, "चल, काहीतरीच काय!" म्हणते आणि पाय पदराखाली ओढून घेते. तिला खरोखरच बसवायचे तर पहाटे तिच्याआधी उठायला हवे, आणि ते त्या घरात अजून कोणालाच साधलेले नाही.